रिपोर्टमधला आरडीडब्ल्यू आला कुठून?

सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की आपण हिमोग्लोबिन बघतो, पांढऱ्या पेशी बघतो, डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट बघतो. त्याच कागदावर मधेच कुठेतरी 'आरडीडब्ल्यू' लिहिलेलं असतं, साधारण ११.५ ते १४.५ टक्के. हल्ली हा आकडा १६ आला की घरातलं कोणीतरी मोबाइलवर शोधतं, तिथे 'मृत्यूचा धोका' असं वाचतं आणि आजोबांना घेऊन घाईघाईने दवाखान्यात येतं. रक्तक्षयासाठी काढलेल्या या आकड्याला ही ओळख चिकटली कशी?

आरडीडब्ल्यू म्हणजे तांबड्या पेशींच्या आकारात किती फरक आहे त्याचं माप. कांद्याच्या गोणीत सगळा माल एकसारखा असेल तर आकडा कमी, मोठ्या कांद्यांत गोल्टी मिसळलेली असेल तर जास्त.

हे माप पहिल्यांदा हातानेच घेतलं गेलं. सेसिल प्राइस-जोन्स या इंग्रज डॉक्टरांनी १९१० मध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी एकेक करून मोजल्या आणि त्यांचा आलेख काढला. एका रुग्णासाठी शेकडो पेशी! रोजच्या कामात हे कोण करणार? तो प्रश्न सोडवला अमेरिकेतल्या वॉलेस कोल्टर यांनी. १९५३ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. युक्ती सोपी होती. बारीक छिद्रातून विजेचा प्रवाह सोडायचा आणि पेशी त्यातून एकेक जाऊ द्यायच्या. पेशी जेवढी मोठी, तेवढा प्रवाहात अडथळा मोठा. (पहिलं छिद्र सिगारेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनला तापल्या सुईने पाडलं होतं, असं सांगतात.) पुढे अशी यंत्रं हजारो पेशी काही सेकंदांत मोजू लागली आणि आकारातला फरक रिपोर्टवर आपोआप छापून येऊ लागला.

१९८३ मध्ये बेसमन आणि सहकाऱ्यांनी त्याचा उपयोग दाखवला. लोहाच्या कमतरतेत आरडीडब्ल्यू वाढतो, थॅलेसेमिया मायनरमध्ये बहुधा वाढत नाही. आम्ही डॉक्टर तो एवढ्यापुरताच बघायचो.

२००७ मध्ये चित्र पालटलं. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात ३६ तपासण्यांची तुलना झाली. त्यांत पुढच्या मृत्यूशी सर्वांत घट्ट नातं दिसलं ते या दुर्लक्षित आकड्याचं. २०१० मध्ये सात अभ्यासांतल्या ११,८२७ ज्येष्ठांची माहिती एकत्र केली गेली. आरडीडब्ल्यू एका टक्क्याने वाढला की मृत्यूचा धोका १४ टक्क्यांनी जास्त दिसला. रक्तक्षय नसलेल्यांतही हे नातं टिकलं होतं.

हे '१४ टक्के' नीट समजून घ्या. शंभरातले चौदा जण जातील, असा त्याचा अर्थ नाही. समजा, एका वयोगटातल्या शंभरांपैकी काही वर्षांत दहा जण जाणार असतील, तर ते साधारण अकरा होतील. ते अकरा कोण, हे आकडा सांगत नाही. शिवाय आरडीडब्ल्यू स्वतः कोणाला मारत नाही. शरीरात जुनाट दाह असेल, किडनी किंवा यकृत थकलेलं असेल, पोषण कमी पडत असेल, तर पेशी एकसारख्या तयार होत नाहीत. या सगळ्याची सावली त्या एका आकड्यात पडते, एवढंच.

म्हणून 'किती दिवस राहिले?' असं विचारू नका, 'हा का वाढला?' असं विचारा. वयस्कर माणसांत मी आधी लोह, बी-१२, फोलेट आणि क्रिएटिनिन बघतो. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता फार सापडते आणि तिच्यावर उपचार सोपे आहेत. लोह कमी निघालं तर मात्र नुसत्या गोळ्यांवर थांबू नये. गुडघ्यांसाठी रोज पेनकिलर घेता का, शौचाला काळी होते का, हे डॉक्टरांना सांगा. पोटातून हळूहळू रक्त जात असेल तर त्याचा शोध घ्यावा लागतो, कधी एंडोस्कोपी करूनही.

आणखी एक. लोह सुरू केल्यावर काही आठवडे आरडीडब्ल्यू उलट वाढतो, कारण जुन्या लहान पेशींत नव्या मोठ्या पेशी मिसळतात. तेव्हा रिपोर्ट बघून गोळ्या बंद करू नका.