घर एक, किमती चार



मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, चहाही झाला, आणि मग एका काकूंनी जो प्रश्न काढला तो बैठक संपली तरी संपला नाही. लवळ्याच्या गावठाणाबाहेर त्यांचं छोटं घर आहे. दोन गुंठे जागा, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं पडवी. वर स्लॅब आहे म्हणून घरचे कौतुकानं त्याला बंगला म्हणतात. काका जाऊन तीन वर्षं झाली, दोन्ही मुली सासरी. पुतण्या एका एजंटला घेऊन आला. एजंटनं एक आकडा सांगितला. बँकेत चौकशी केली तर दुसरा निघाला. सरकारी दरानं तिसरा, आणि ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर चौथा. काकू म्हणाल्या, "घर एक आणि किमती चार. खरी कोणती गं?"

चारही खऱ्या आहेत, फक्त प्रत्येक वेगळ्या कामासाठी आहे. हे कसं झालं ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

आपल्या आज्यांच्या काळी गावातल्या घराला बाजारभाव असा नव्हताच. जमिनीला सारा होता, मोजणी होती. घर मात्र दगड, माती, लाकूड आणि घरच्यांची मेहनत. कुणी घर मोडलंच तर तुळया, वासे, दारं-चौकटी यांचे पैसे व्हायचे. भिंतींचे कोण देणार? जिथं घरं विकलीच जात नाहीत तिथं त्यांचा भाव ठरणार तरी कसा!

हा प्रश्न आपल्याच मुळशी तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी फार मोठा होऊन उभा राहिला. टाटा कंपनीला वीज करण्यासाठी मुळा नदीवर धरण बांधायचं होतं आणि वरच्या खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं त्यात जाणार होती. १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे पुढारी. बायकाही त्यात उतरल्या होत्या. त्या वेळी १८९४चा भूसंपादन कायदा लागू होता. बाजारभाव काढायचा आणि सक्तीनं घेतल्याबद्दल वर शंभरामागे पंधरा रुपये द्यायचे, असा तो नियम. पण ज्या खोऱ्यात घर कधी बाजारात आलंच नव्हतं तिथं बाजारभाव कुठून आणायचा? आणि पैसे द्यायचे कुणाला, तर ज्याचं नाव कागदावर त्याला. पुष्कळ जमिनी तोवर पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. त्यामुळं कसणाऱ्याच्या हातात फारसं काही पडलं नाही. मला या इतिहासातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भाव कमी मिळाला हे दुःख होतंच, पण कागद दुसऱ्याच्या नावावर होता हे त्याहून मोठं. (आता २०१३च्या कायद्यानं भरपाईच्या रकमेइतकीच आणखी रक्कम वर द्यावी लागते. तो विषय वेगळा.)

सरकारनं जागेची किंमत काढायला स्वतंत्र खातं उभं केलं ते १९१४च्या सुमारास. तेच आजचं नगररचना आणि मूल्यनिर्धारण खातं, मुख्य कचेरी पुण्यातच आहे. आज आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो तो दरांचा तक्ता या खात्याच्या कामातून येतो. पूर्वी तो १ जानेवारीला लागू व्हायचा, २०१६ पासून १ एप्रिल ही तारीख आली. हा दर कशासाठी? तर खरेदीखतावर मुद्रांक शुल्क किती घ्यायचं ते ठरवायला. लोक कागदावर किंमत कमी दाखवायचे म्हणून सरकारनं आपला आकडा ठेवला. त्या दरानंच विकायचं असं कुठंही लिहिलेलं नाही, हे मात्र एजंट सांगत नाही.

घरपट्टीचंही तसंच. २०१५ साली नियम बदलले, तेव्हापासून ग्रामपंचायत घरपट्टी भांडवली मूल्यावर काढते. उताऱ्यावरचा आकडा कर काढण्यासाठी आहे. बँकेचा आकडा कर्ज थकलं तर किती वसूल होतील ते पाहण्यासाठी, म्हणून तो हात राखून असतो. आणि एजंटचा आकडा? त्याला ज्या भावात घ्यायचं आहे तो.

आता लवळ्याकडे येऊ. तीस वर्षांपूर्वी इथं दोन गुंठे घेणारा माणूस राहायलाच घेत होता. मग तिकडे हिंजवडीला आयटी पार्क आला. इकडे आपल्या डोंगरावर सिम्बायोसिसचं विद्यापीठ आलं, फ्लेम आलं, पुढं दवाखाना आला. पोरं शिकायला आली, त्यांना शिकवणारे आले, डबे आले, भाड्याच्या खोल्या आल्या. २०१५ला पीएमआरडीए झालं. २०२१ला शेजारची सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक पुणे महापालिकेत गेली, लवळे मात्र ग्रामपंचायतीतच राहिलं. तेव्हापासून आपल्या जागेचा भाव आपल्या गावापेक्षा शेजारच्या गावावर जास्त हलतो. सूसमध्ये काय गेलं ते सांगून विकणारा भाव चढवतो, आणि "इथं अजून पंचायतच आहे" म्हणून घेणारा तो उतरवतो.

मग काकूंच्या घराचा हिशेब आम्ही वहीच्या मागच्या पानावर मांडला. हे आकडे फक्त रीत समजावी म्हणून धरलेले आहेत, लवळ्याचा भाव म्हणून कुणी सांगत फिरू नका. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, दोन गुंठे २,१७८. जागेचा भाव फुटाला १,००० धरला तर जागेचे २१,७८,००० रुपये. घर ६५० फुटांचं. तसंच घर आज बांधायला फुटाला १,८०० लागतात असं धरलं तर ११,७०,०००. पण घर वीस वर्षांचं आहे आणि पक्क्या घराचं आयुष्य साठ वर्षं धरलं तर एक तृतीयांश गेलं, उरले ७,८०,०००. एकूण २९,५८,०००. एजंट म्हणाला होता वीस लाख. "जुनं आहे, पाडावंच लागेल," असं म्हणून त्यानं घराचे पैसे धरलेच नव्हते, आणि जागेतूनही वरचे काढून घेतले होते.

दुसऱ्या बाजूनं ताळा पाहिला. हे घर महिना ८,००० भाड्यानं जातं असं धरलं तर वर्षाचे ९६,०००. घरपट्टी, डागडुजीचे १६,००० वजा केले तर ८०,००० उरतात. घरातून वर्षाला शंभरामागे तीन रुपये सुटतात असं धरलं तर किंमत साडेसव्वीस लाखांच्या थोडी वर येते. म्हणजे दोन्ही हिशेब जवळपास आले. तिसरा ताळा सगळ्यात चांगला. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्या गावातल्या खरेदीखतांची सूची क्रमांक २ पाहता येते. कुणी किती जागा कितीला घेतली ते त्यात लिहिलेलं असतं. गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीनं ते मोबाइलवर काढून दाखवलं.

पण मैत्रिणींनो, किंमत खाली ओढणारी गोष्ट भिंतीत नव्हती, सातबाऱ्यावर होती. १९४७च्या तुकडेबंदी कायद्यामुळं शेतीचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे सहज वेगळे होत नव्हते, म्हणून अशा जागा सामाईक सातबाऱ्यावर घेतल्या गेल्या. काकूंची त्यातलीच. बिगरशेती झालेलं नाही, म्हणून बँक मागं सरते आणि घेणारा भाव पाडतो. "आमच्याकडे आठचा उतारा आहे की," असं बऱ्याच जणी म्हणतात. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकी ठरवणारा नाही. त्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचा शासन निर्णय २००३चा आहे, ते लावून घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते ती गावठाणातल्या घरांना. काकूंचं घर गावठाणाबाहेर, म्हणून त्यांना तिचा उपयोग नाही.

आणि पुतण्या? तो काकूंकडून कुलमुखत्यारपत्रावर सही मागत होता, "तुम्हाला कशाला कचेरीच्या खेपा" म्हणून. जागा काकांनी स्वतःच्या पैशानं घेतलेली, सासूबाई आधीच गेलेल्या. तेव्हा वारस तिघी: काकू आणि दोन मुली, प्रत्येकीचा तिसरा हिस्सा. वहीतल्या आकड्यानं एकेकीचे ९,८६,०००. पुतण्याचा यात काहीच नाही. वडिलोपार्जित जागेतही मुलींना महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलाइतकाच हक्क आहे, तरी आपल्या भागात जमिनी विकताना किती बहिणींनी साडी-चोळीवर हक्कसोड लिहून दिली ते तुम्हीच आठवा.

काकूंनी सही केलेली नाही. मागच्या सोमवारी त्या मोठ्या मुलीला घेऊन तलाठी कार्यालयात गेल्या आणि मृत्यूचा दाखला, खरेदीखत, घरपट्टीची पावती जोडून वारस नोंदीचा अर्ज दिला. एजंटचा फोन अजून येतो. त्याला त्यांनी सांगितलंय, सातबाऱ्यावर आमची तिघींची नावं लागली की मग या, आणि येताना घराचेही पैसे धरून या.

पुढच्या भागात वारस नोंदीला कोणते कागद लागतात ते सांगेन.