दारूबद्दल मुलांशी कधी आणि कसं बोलावं?

मूल दहा वर्षांचं असताना घरात दारूचा विषय काढणं अनेक पालकांना नकोसं वाटतं. ‘अजून लहान आहे, त्याला काय कळतं?’ असं म्हणून तो टाळला जातो. पण सिंधुदुर्गात, विशेषतः मालवणच्या किनारपट्टीवर, मुलांना दारू अनोळखी नसते. पर्यटन हंगामात किनाऱ्यावर रिकाम्या बाटल्या दिसतात, लग्नाच्या आदल्या रात्री मांडवामागे मोठी माणसं बसलेली असतात आणि काही गावांत राखणीला देवचारालाही दारू दाखवली जाते. घरातले गप्प राहिले, तर मूल या सगळ्याचा अर्थ स्वतःच लावतं.

नऊ ते बारा हेच वय का?

लहान मुलांना दारू सहसा वाईटच वाटते. साधारण ९ ते १३ या वयात हे मत बदलू लागतं आणि ‘प्यायल्यावर मजा येते’ हा विचार डोक्यात शिरतो. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये नवव्या वर्षापासूनच बोलायला सुरुवात करण्याचा सल्ला दिला. या वयात मुलं आईवडिलांचं ऐकतात. पुढे मित्रांच्या शब्दाला जास्त वजन येतं.

दुसरं कारण मेंदूचं. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. धोका ओळखणारा आणि स्वतःला आवरणारा भाग सर्वांत शेवटी पक्व होतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी दारूचं व्यसन लागल्याचं दिसलं. वीस वर्षांनंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी किमान वय २५ आणि सौम्य बिअरसाठी २१ आहे. मात्र शेजारच्या गोव्यात कर कमी असल्याने दारू स्वस्त मिळते. ती चोरून आणली जाऊ नये म्हणून बांद्याजवळ इन्सुली इथे तपासणी नाका आहे. नाका गाडी तपासू शकतो, मांडवामागे पुढे केलेला ग्लास नाही.

‘एक घोट घेऊ दे, काय होतंय?’ असं म्हणणाऱ्या काका-मामांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार डॉक्टरांच्या सूचनेशिवाय १८ वर्षांखालच्या मुलाला दारू देणं गुन्हा आहे. त्यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

काय बोलावं?

• समोर बसवून भाषण देऊ नये. दुचाकीवरून जाताना, मासे साफ करताना, वाटेत बाटली दिसली तेव्हा दोन वाक्यं पुरतात.

• आधी विचारावं: ‘लोक दारू का पितात, असं तुला वाटतं?’ उत्तर पूर्ण ऐकावं.

• कारण मुलाच्या जगातलं द्यावं. यकृताच्या आजारापेक्षा समुद्राचं उदाहरण पटकन पटतं. प्यायलेल्या माणसाला लाटेचा आणि स्वतःच्या ताकदीचा अंदाज येत नाही, हे किनाऱ्यावरच्या मुलाला लगेच कळतं.

• ‘सगळेच पितात’ हे खरं नाही, हे सांगावं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालानुसार १० ते १७ वयोगटात दारू घेणाऱ्यांचं प्रमाण १.३ टक्के होतं.

• नकार कसा द्यायचा, याचा सराव करून घ्यावा. ‘नको रे, घराक वास इलो तर माझी वाट लागतली,’ एवढं वाक्यही मित्रांपुढे मान राखून सुटायला पुरेसं असतं.

• ‘कुठे अडकलास तर फोन कर, घ्यायला येतो. आधी घरी आणतो, मग बोलू,’ हा शब्द द्यावा आणि पाळावा.

घरातच कुणी पीत असेल तर?

हा सर्वांत अवघड प्रश्न. तिथे खोटं बोलू नये, कारण मुलाला सगळं दिसत असतं. पिणाऱ्या वडिलांनी ‘ही सवय मला सोडायला जड जातेय, म्हणून तुला सांगतोय’ असं म्हटलं, तर मूल ते मनावर घेतं. मुलाला दारू आणायला पाठवू नये, ग्लास भरायला लावू नये. घरात भांडणं, मारहाण होत असेल तर त्यात मुलाची काही चूक नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावं.

मदत कुठे मिळते?

व्यसनाबाबत १४४४६, मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६ आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८ हे राष्ट्रीय क्रमांक आहेत. १०९८ वर मूल स्वतःही फोन करू शकतं. हा क्रमांक त्याला पाठ असलेला बरा.