नीरफणसाचे देव, ताडाचे ओंडके

दक्षिण कॅलिफोर्नियात रस्त्याकडेचा एखादा उंच ताड तोडला गेला की त्याचे तुकडे कचऱ्यात जाण्याआधी कुणीतरी हौशी माणूस गाडी घेऊन हजर होतो. पंख्यासारख्या पानांचा हा ताड, मेक्सिकन फॅन पाम, तिथल्या शहरांत शोभेसाठी रांगेने लावलेला असतो. सुताराच्या लेखी त्याला किंमत नाही. त्याची धड फळी निघत नाही आणि त्यावर पॉलिशही चढत नाही. पण लाकडी टिकी, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या धर्तीची मनुष्याकृती, कोरायला शिकणाऱ्याच्या हाती पहिला ओंडका बहुधा हाच येतो. तो फुकट मिळतो, मऊ असतो आणि बिघडला तरी हळहळ वाटत नाही.

ओंडका ओला असतानाच हात घालायचा, हा पहिला धडा. ताडाला सागवानासारखी वर्षवलयं नसतात. बाहेरचा थर घट्ट आणि आतला गाभा तंतूंचा, भुसभुशीत. त्यामुळे नाक, ओठ, कपाळ हे सगळं बाहेरच्या घट्ट थरातच बसवावं लागतं. खडूने मधोमध उभी रेघ मारायची, तिच्या दोन्ही अंगांनी डोळे आणि तोंड आखायचं, कडांवर पटाशीने सरळ खोल घाव घालायचे आणि मग गोल पटाशी व लाकडी मोगरीने मधला भाग काढत जायचा. नवख्या हाताला खोल जायची भीती वाटते. चेहरा मात्र सावलीवर उभा असतो. उथळ कोरलेला टिकी दहा पावलांवरून नुसता खरवडलेला ओंडका दिसतो. शेवटी बरेच जण गॅसच्या ज्योतीने पृष्ठभाग जरा जाळतात, ब्रशने काजळी झाडतात आणि तेल लावतात. मोठे बटबटीत डोळे आणि रुंद तोंड असलेला एक चेहरा अंगणात उभा राहतो.

हा चेहरा मूळचा कुणाचा, हे मात्र कोरणाऱ्याला फार क्वचित ठाऊक असतं. त्याची पिढ्यांची कहाणी ताडाच्या ओंडक्याहून कितीतरी जड आहे.

पॅसिफिक महासागरातल्या मार्केसास बेटांवर, न्यूझीलंडच्या माओरी समाजात, हवाईत आणि मधल्या असंख्य बेटांवर माणसाच्या आकृतीचं कोरीवकाम शतकानुशतकं चाललेलं होतं. माओरींच्या काही कथांत टिकी हा पहिला पुरुष, तर मार्केसासमध्ये टिकी म्हणजे देवत्व पावलेला पूर्वज. हवाईचे लोक आपल्या मूर्तींना कीइ म्हणतात. आकृतीही एकसारख्या नाहीत. मार्केसासच्या टिकीचं डोकं शरीराच्या जवळपास एक तृतीयांश असतं, डोळे वाटोळे आणि प्रचंड, हात पोटावर, गुडघे वाकलेले. डोकं मोठं असण्याला कारण आहे: माणसाचं सामर्थ्य आणि पावित्र्य डोक्यात वसतं, अशी तिथली श्रद्धा. हवाईच्या देवळांतल्या कू या देवाचं तोंड इंग्रजी आठच्या आकड्यासारखं आडवं फाकलेलं, नाकपुड्या फुगलेल्या, डोक्यावर उंच तुरा. माओरी कोरीवकामात अंगभर वळणदार नक्षी, बाहेर काढलेली जीभ आणि पुष्कळदा तीनच बोटं. हिवा ओआ बेटावर पुआमाऊ इथे मार्केसासचे मोठे दगडी टिकी आजही उभे आहेत. त्यांतला सर्वांत उंच अडीच मीटरच्या आसपास आहे.

लाकडाचा विचार केला तर कोकणातल्या वाचकाला हा प्रदेश परका वाटणार नाही. हवाईतल्या कू देवाच्या ज्या तीन भव्य मूर्ती आज शिल्लक आहेत, त्या नीरफणसाच्या लाकडातल्या. त्याच नीरफणसाच्या कापा गोव्यात आणि सिंधुदुर्गात श्रावणात तळल्या जातात. मार्केसासमधले कारागीर ज्या लाकडांना मान देतात त्यांत भेंड आणि उंडी आहेत, आणि तिथल्या योद्ध्यांच्या प्रसिद्ध गदा सुरूच्या लाकडाच्या. आपल्या किनाऱ्यावर सुरूची बनं वाळू धरून ठेवायला लावतात. तिथे त्याच झाडाच्या लोखंडासारख्या कठीण लाकडावर बारीक चेहरे कोरले गेले.

आणि तेही लोखंडाशिवाय. हत्यार होतं दगडी पात्याचा वाकस. त्यासाठी लागणारा काळा बेसॉल्ट सगळीकडे मिळत नसे. हवाईत मौना केआ या ज्वालामुखीवर साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, गोठवणाऱ्या थंडीत, पाती घडवण्याच्या खाणी होत्या. मार्केसासमधल्या एइआओ बेटावरच्या दगडाची पाती शेकडो कोस दूरच्या बेटांवर सापडली आहेत, म्हणजे ती होड्यांतून तिकडे नेली गेली होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅप्टन कुकची आणि त्यामागून इतरांची जहाजं आली, तेव्हा बेटांवरच्या लोकांना सर्वांत जास्त ओढ लागली ती लोखंडी खिळ्यांची. खिळा ठोकून पटाशी होते. नवी धार हाती आली आणि कोरीवकाम काही दशकं अधिक धीट, अधिक नक्षीदार झालं. हा बहर मात्र अल्पायुषी ठरला.

1821 मध्ये रुरुटू बेटावरच्या लोकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आपले देव रायाटेआ बेटावर लंडन मिशनरी सोसायटीच्या माणसांच्या स्वाधीन केले. त्यांतला आआ नावाचा देव आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चंदनाच्या लाकडातली, एक मीटरहून थोडी उंच अशी ही मूर्ती. तिचे डोळे, नाक, तोंड, कान, छाती हे सगळं छोट्या छोट्या मनुष्याकृतींचं बनलेलं आहे, अशा तीस आकृती अंगावर. पाठीला झाकण आणि आत पोकळी, त्या पोकळीतही आणखी लहान मूर्ती होत्या. पिकासोने आणि शिल्पकार हेन्री मूर यांनी आआच्या प्रतिकृती आपल्याजवळ ठेवल्या होत्या, याचं नवल वाटत नाही. कोरीवकामाच्या जगातल्या फार थोड्या वस्तू कल्पनेच्या झेपेत तिच्या जवळ येतात.

हवाईत मूर्तिभंजन घडलं ते मिशनरी येण्याच्या आधी, आणि ते राजघराण्याने घडवलं. तिथल्या कापू या नियमांनुसार स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवायचं नसे. डुकराचं मांस, केळी आणि नारळ स्त्रियांना वर्ज्य. 1819 च्या मे महिन्यात हवाईचा राजा पहिला कामेहामेहा वारला. त्याची राणी काआहुमानू हिच्या आग्रहाने नोव्हेंबरमध्ये तरुण राजा लिहोलिहो कैलुआ इथे उघडपणे स्त्रियांच्या पंगतीला बसला, आणि त्यापाठोपाठ देवळं मोडायचे व मूर्ती जाळायचे हुकूम सुटले. लिहोलिहोचा चुलतभाऊ केकुआओकालानी जुन्या धर्मासाठी शस्त्र घेऊन उभा राहिला आणि महिन्याभरात कुआमोओच्या लढाईत मारला गेला. काही मूर्ती लोकांनी गुहांत लपवल्या. पुष्कळशा जळाल्या.

पुढच्याच वर्षी, 1820 च्या वसंतात, अमेरिकन मिशनऱ्यांचं जहाज हवाईला लागलं. त्यांना पाठवणारं बॉस्टनचं अमेरिकन बोर्ड मराठी मुलखाला ओळखीचं आहे. याच बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले होते. त्यातूनच पुढे अमेरिकन मराठी मिशन वाढलं आणि 1842 मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' निघालं. एकाच संस्थेची माणसं दोन किनाऱ्यांवर गेली आणि परिणाम किती वेगळे झाले! इथे मूर्तिकारांची परंपरा निर्वेध चालू राहिली. तिथे मिशनरी पोहोचण्यापूर्वीच राजाज्ञेने ती तुटली होती आणि नंतर तिला सावरायला कुणी उरलं नाही.

मार्केसासची गत सर्वांत वाईट झाली. 1842 मध्ये फ्रान्सने बेटं ताब्यात घेतली. जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी गावंच्या गावं मेली. कित्येक हजारांची लोकसंख्या 1920 च्या दशकात सुमारे दोन हजारांवर आली. गोंदण, नाच, जुने विधी यांवर मिशनऱ्यांची आणि सरकारची बंदी. ज्यांच्या हातात कला होती ते हातच संपत होते. अशा वेळी कार्ल फॉन डेन श्टाइनेन हा जर्मन संशोधक 1897-98 मध्ये तिथे सहा महिने हिंडला. त्याने गोंदणांच्या आकृत्या उतरवल्या, कोरीव वस्तूंची चित्रं काढली, म्हाताऱ्यांकडून कथा ऐकल्या. या सामग्रीचे तीन खंड 1925 ते 1928 दरम्यान छापले गेले. आज मार्केसासच्या नक्षीबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंच त्या खंडांमुळे टिकलं आहे.

बाहेरून येऊन टिकी कोरायला बसलेल्यांत सर्वांत नामांकित माणूस म्हणजे चित्रकार पॉल गोगँ. 1891 मध्ये तो ताहितीला पोहोचला तेव्हा ज्या देवांच्या ओढीने तो आला होता ते तिथे जवळपास नव्हतेच. मग त्याने ते स्वतः कोरायला घेतले. मार्केसासची नक्षी, बुद्धमूर्तीची बैठक, आणि त्याची स्वतःची कल्पना, असं सगळं एकत्र करून. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात त्याची मोती लावलेली एक छोटी मूर्ती आहे. ती उंडीच्या लाकडातली आहे. कोरण्याची ढब सुंदर, पण देव कुठल्याच बेटाचा नाही. 1901 मध्ये तो हिवा ओआला राहायला गेला आणि 1903 मध्ये तिथेच वारला. अंगणातल्या टिकीची खरी वंशावळ त्याच्यापासून मोजायला हवी, कारण हरवलेल्या मूर्तीच्या जागी मनातली मूर्ती बसवणं त्याने सुरू केलं.

अमेरिकेने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. 1933 मध्ये दारूबंदी उठली, आणि अर्नेस्ट गँट या माणसाने हॉलिवूडमध्ये बांबू, दोर आणि रमच्या पेयांनी सजवलेला छोटा बार काढला. तोच पुढे 'डॉन द बीचकोंबर' म्हणून गाजला. ओकलंडला व्हिक्टर बर्जेरॉनने त्याच वाटेने 'ट्रेडर विक्स' उभं केलं. दुसऱ्या महायुद्धात हजारो अमेरिकन तरुण पॅसिफिकच्या बेटांवर राहून आले. 1947 मध्ये नॉर्वेजियन संशोधक थोर हायरडाल बाल्साच्या नऊ ओंडक्यांच्या तराफ्यावरून पेरूहून निघाला आणि 101 दिवसांनी रारोइआ बेटाच्या प्रवाळावर आदळला. तराफ्याचं नाव 'कोन-टिकी', शिडावर दाढीवाला चेहरा. 1959 मध्ये हवाई हे अमेरिकेचं राज्य झालं, जेट विमानं सुरू झाली. मोटेल, उपाहारगृह, बोलिंगची जागा, घरामागचं अंगण, सगळीकडे टिकी उभे राहू लागले.

इतके टिकी कोरणार कोण? 1956 मध्ये लेरॉय श्मॉल्ट्झ आणि बॉब व्हॅन ऊस्टिंग या दोघा तरुणांनी कॅलिफोर्नियातल्या व्हिटियर गावात 'ओशनिक आर्ट्स' ही कार्यशाळा सुरू केली. ती 2021 पर्यंत चालली. त्यांनी पुस्तकं धुंडाळली, संग्रहालयांतल्या मूर्ती पाहिल्या आणि हाताशी मिळेल त्या लाकडात त्या उतरवल्या. त्यांच्या बरोबरीचे बरेच कोरणारे मात्र एवढ्या खोलात गेले नाहीत. हवाईचं फाकलेलं तोंड, मार्केसासचे डोळे, ईस्टर बेटावरच्या दगडी पुतळ्यांचं लांब नाक, हे सगळं एकाच ओंडक्यावर येऊ लागलं. आजचा नवखा ताडावर जो चेहरा आखतो तो बहुधा हाच मिश्र चेहरा असतो. सत्तरच्या दशकात ही लाट ओसरली, कित्येक टिकी बार पाडले गेले. स्वेन किर्स्टनच्या 2000 मधल्या 'द बुक ऑफ टिकी' या पुस्तकाच्या आसपास ती पुन्हा उठली, आणि या वेळी तिने हौशी कोरणाऱ्यांची नवी पिढी आणली.

अमेरिकेत हे चाललं असताना बेटांवरचे लोक स्वस्थ बसले नव्हते, आणि या इतिहासातला हा भाग बार आणि मोटेलांच्या झगमगाटात हमखास झाकला जातो. माओरी नेते आपिराना न्गाटा यांच्या पुढाकाराने 1927 मध्ये रोटोरुआला कोरीवकामाची शाळा उघडली. तिथले विद्यार्थी पटाशी सफाईने चालवत, पण वाकस चालवण्याची जुनी रीत हातून गेलेली होती. पिने ताइआपा हा तरुण एरामिहा कापुआ या वृद्ध कारागिराकडे गेला आणि वाकस शिकून आला. पटाशी कड काढते. मूर्तीचा मूळ घाट वाकसाच्या घावांतून येतो आणि तो घाव पुस्तकातून शिकता येत नाही. 1963 च्या कायद्याने रोटोरुआला नवी संस्था झाली, आणि पिनेचा भाऊ होने ताइआपा तिचा पहिला मुख्य कोरीवकार झाला.

हवाईत होनाउनाऊ इथल्या जुन्या आश्रयस्थानाभोवती 1961 मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं, आणि 1820 च्या दशकातल्या पाहुण्यांची वर्णनं व रेखाटनं समोर ठेवून तिथलं मंदिर आणि कीइ पुन्हा घडवले गेले. नीरफणसाच्या त्या तीन कू मूर्ती लंडन, होनोलुलू आणि अमेरिकेतलं सेलम अशा तीन ठिकाणी विखुरलेल्या आहेत. 2010 मध्ये त्या होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये काही महिने शेजारी शेजारी उभ्या होत्या. कित्येक हवाईयन माणसं त्यांच्यासमोर पाहुण्यांसारखी गेली नाहीत. ती नैवेद्य आणि स्तोत्रं घेऊन गेली.

म्हणूनच देवाचा चेहरा दारूच्या पेल्यावर छापला जातो तेव्हा बेटांवरच्या लोकांना लागतं, आणि त्यांचं लागणं रास्त आहे. यावर हौशी कोरणाऱ्याने पटाशी खाली ठेवावी असं नाही. आपण कोरतो तो चेहरा हवाईचा की मार्केसासचा, तो देव की पूर्वज, एवढं विचारून घ्यायला एक संध्याकाळ पुरते. हल्ली अनेक जण तसं विचारतातही, आणि त्यांच्या कामात ते दिसतं. डोक्याचं प्रमाण सुधारतं, हात जागेवर येतात, गुडघे वाकतात, आणि ओंडक्यातल्या आकृतीला वजन येतं.

मार्केसासमध्ये 1978 मध्ये मोटू हाका ही संस्था स्थापन झाली आणि 1987 मध्ये उआ पोऊ बेटावर पहिला मोठा कला-उत्सव भरला. त्यानंतर नाच, गोंदण आणि कोरीवकाम तिन्ही पुन्हा शिकवली जाऊ लागली. नवे कारागीर भेंड आणि सुरूवर काम करताना श्टाइनेनच्या खंडांतल्या चित्रांचाही आधार घेतात, म्हणजे पणजोबांची नक्षी त्यांच्यापर्यंत जर्मन पुस्तकातून परत आली. जुलै 2024 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक नवी दिल्लीत भरली होती, आणि भारतात पहिल्यांदाच भरलेल्या त्या बैठकीत आसामच्या मोइदाम या दफन-टेकड्यांबरोबरच मार्केसास बेटांचं नावही वारशाच्या यादीत दाखल झालं.