अर्धा पिंट लिंबाचं पाणी

गेल्या उन्हाळ्यात महिनाभर विंचूरला राहून काम करत होतो. एका शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर दोन लिंबं, साखरेचा डबा, फ्रीजमधला बर्फ आणि पुण्याहून आणलेली जिनची बाटली. फोनवर उघडलेल्या कृतीत लिहिलं होतं: ६० मिली जिन, २५ मिली लेमनचा रस, २० मिली साखरेचा पाक, बर्फ, वर सोडा. यालाच 'जिन फिझ' म्हणतात. शेकर नव्हता, म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. गाळायला चहाची गाळणी. मापायला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं टोपण, ज्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात.

आई दारात येऊन म्हणाली, "सरबत करतोयस का रे?"

मी "हो" म्हणालो. ते अर्धं खरं होतं. किती खरं होतं, ते शोधायला मला पुढचे काही आठवडे लागले.

पहिली अडचण लिंबाचीच होती. इंग्रजी कृतींमधलं 'लेमन' म्हणजे मोठं, पिवळं, जाड सालीचं फळ. आपल्या बाजारात बारा महिने मिळतं ते कागदी लिंबू. ते 'लाइम'च्या घराण्यातलं: लहान, पातळ सालीचं, जास्त आंबट आणि किंचित कडसर. म्हणजे शाळेत आपण 'लेमन म्हणजे लिंबू' असं पाठ केलं, ते फळाच्या बाबतीत चुकीचं होतं. पण दोघं परके नाहीत. जनुकीय अभ्यास सांगतात की कागदी लिंबू आणि लेमन ही दोन्ही संकरित फळं आहेत, आया वेगवेगळ्या असल्या तरी दोघांचा बाप एकच: म्हाळुंग. हे तेच फळ जे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे. लिंबूवर्गाचा उगमच हिमालयाच्या पायथ्याशी, आसाम-म्यानमारच्या बाजूला झाला असं शास्त्रज्ञ मानतात. तिथून ही फळं इराणी आणि अरब बागांमधून भूमध्य समुद्रापर्यंत गेली. 'लाइम' आणि 'लेमन' हे दोन्ही शब्दही फारसी-अरबी वाटेनेच युरोपात पोचले. आपलं 'लिंबू' त्यांचं जवळचं नातेवाईक.

आंबट, गोड आणि मद्य हे एकत्र करायची सवय युरोपियनांना कुठे लागली? इथे, आपल्या किनाऱ्यांवर. या पेयाला ते 'पंच' म्हणत. सर्वात मान्य व्युत्पत्ती अशी की हा शब्द आपल्या 'पाच' किंवा 'पंच'वरून आला. घटक पाच: मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. १६७०च्या दशकात मुंबई-सुरतेकडे राहिलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने हेच स्पष्टीकरण लिहून ठेवलं आहे. काही भाषातज्ज्ञांना ते पटत नाही, पण इंग्रजीतला या शब्दाचा सर्वात जुना ज्ञात उल्लेख १६३२ सालच्या पत्रात आहे, आणि ते पत्र ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाने भारताच्या पूर्व किनाऱ्यावरून लिहिलेलं आहे. म्हणजे शब्द कुठलाही असो, पेय इथलंच.

आणि मग मला ते कलम सापडलं. 'हॉब्सन-जॉब्सन' या जुन्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'पंच' या नोंदीखाली मुंबई सरकारच्या १६९४च्या एका हुकमाचा उतारा आहे. आशय असा: कोणी माणूस खाणावळीत पंच प्यायला आला, तर त्याने एक क्वार्ट चांगली गोव्याची अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पिंट चांगलं लिंबाचं पाणी मागून घ्यावं आणि आपला पंच आपणच करावा. पुढचं वाक्य तर मला फारच आवडलं. पंचाच्या भांड्यावर बाजार-अधिकाऱ्याचा शिक्का नसेल, तर ग्राहकाने ते भांडं खुशाल फोडावं, आणि भांड्याचे किंवा पंचाचे पैसे देऊ नयेत.

मुंबई कंपनीच्या ताब्यात येऊन तेव्हा जेमतेम २६ वर्षं झाली होती. आणि इथल्या सरकारने घरगुती कॉकटेलची कृती कायद्यात लिहून ठेवली होती!

मी इंजिनिअर असल्यामुळे लगेच आकडे मांडले. त्या काळचा क्वार्ट सुमारे ९४६ मिली. अर्धा पिंट म्हणजे त्याचा चौथा हिस्सा, सुमारे २३७ मिली. अर्धा पौंड साखर २२७ ग्रॅम. माझ्या ६० मिलीच्या ग्लासाला लावलं तर १५ मिली लिंबू आणि सुमारे १४ ग्रॅम साखर येते. म्हणजे तीन छोटे चमचे. फोनवरच्या कृतीपेक्षा लिंबू कमी, पण ती लेमनसाठी लिहिली होती. आपल्या कागदी लिंबाला १५ मिली बरोबर बसतं. दुसऱ्या शनिवारी मी त्याच मापाने करून पाहिलं. सोव्वातीनशे वर्षांपूर्वीचं प्रमाण चाललं. फक्त साखर थोडी कमी करावी लागली.

त्या हुकमातली अरक म्हणजे माडीपासून गाळलेली दारू. माडावर चढून माडी काढणारे इथले भंडारी, लिंबू इथलं, साखर इथली. मग यात जिन कधी आली?

जिन मूळची हॉलंडची. ज्युनिपर नावाच्या झुडपाची फळं घालून गाळलेलं ते औषधी मद्य होतं, मूत्रविकारावर देत. सतराव्या शतकाच्या शेवटी ते इंग्लंडात पोचलं आणि औषधाचं दुकान सोडून गल्लीबोळात शिरलं. लंडनच्या गरीब वस्त्यांमध्ये जिन इतकी स्वस्त झाली की सरकारला १७२९ ते १७५१ या काळात पुन्हा पुन्हा कायदे करावे लागले. १७५१मध्ये विल्यम होगार्थने 'जिन लेन' हे चित्र छापलं. त्यात पायऱ्यांवर बसलेल्या, नशेतल्या आईच्या हातून तिचं मूल खाली पडतं आहे. पुढे जिनला जे टोपणनाव पडलं त्याचा अर्थच 'आईचा सत्यानाश' असा होतो.

आज जी बाटली 'क्राफ्ट' म्हणून कौतुकाने विकली जाते, ती एकेकाळी गुत्त्यावरची दारू होती. हे मला आधी माहीत नव्हतं.

भारतात जिनचं नाव जोडलं गेलं ते क्विनाइनशी. मलेरियावर सिंकोना झाडाच्या सालीतलं कडू क्विनाइन देत. लंडनच्या इरॅस्मस बाँडने १८५८मध्ये टॉनिक वॉटरचं पेटंट घेतलं. सैनिक मलेरियाचं औषध म्हणून जिन-टॉनिक प्यायचे ही गोष्ट सगळेच सांगतात. पण या जोडीचा एक अगदी सुरुवातीचा छापील उल्लेख १८६८च्या इथल्या एका क्रीडा मासिकातला आहे, आणि प्रसंग घोड्यांच्या शर्यतीनंतरच्या पार्टीचा आहे. म्हणजे औषधाचं नाव आणि मौजेचं काम. दारूच्या इतिहासात ही युक्ती पुन्हा पुन्हा दिसते.

साहेब क्लबात टॉनिक पीत होते तेव्हा बाहेर काय चाललं होतं? १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणं आणि विकणं सरकारी मक्त्याखाली घट्ट आवळलं. माडाच्या झाडावर कर वाढला. मोहाची दारू घरोघरी गाळणाऱ्या आदिवासींवर तर त्याहून मोठा घाव पडला. १८९२च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच निर्बंध आले. जंगलात पडलेलं फूल उचलणं गुन्हा झालं. कारण सांगितलं गेलं बेकायदा दारूचं, पण प्रश्न महसुलाचाही होता.

त्यामुळे दारूबंदी ही नुसती नीतीची गोष्ट राहिली नाही, ती राजकारणाची झाली. इथे आमच्या गावाचं नाव येतं. विठ्ठल शिवदेव विंचूरकर हे पेशवाईतले सरदार. पानिपतावर लढले आणि जिवंत परतले. त्यांच्या घराण्याचा पुण्यातला विंचूरकर वाडा टिळकांमुळे प्रसिद्ध आहे. टिळक तिथे काही वर्षं राहिले, आणि १८९४चा सार्वजनिक गणपती तिथे बसला. त्याच टिळकांच्या पाठिंब्याने १९०८मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निदर्शनं झाली. दुकानाबाहेर उभं राहून गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवायचं. सरकारच्या तिजोरीत जाणारा पैसा अडवायचा, आणि घरातला वाचवायचा.

स्वातंत्र्यानंतर हीच मागणी कायदा झाली. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. मुंबईत चोरटे अड्डे उघडले, 'आंटीचा अड्डा' हा शब्द रूढ झाला. ज्यांना प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असा डॉक्टरचा दाखला मिळे, त्यांना परवाना मिळत असे. पुन्हा औषध! पुढे बंदी सैल झाली, पण कायदा गेला नाही. महाराष्ट्रात आजही स्पिरिटसाठी वय २५ लागतं, बिअर आणि वाइनसाठी २१, आणि दारू विकत घेण्या-पिण्यासाठी परवाना. माझ्याकडे आहे. ऑनलाइन काढला. ओळखीच्यांपैकी बहुतेकांना असा काही कागद असतो हेच ठाऊक नाही.

आणि त्याच राज्याने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. करात सवलती दिल्या, आणि एमआयडीसीने विंचूरला वाइन पार्क उभारलं. लासलगावच्या कांद्यासाठी ओळखला जाणारा आमचा परिसर नकाशावर नव्या नावाने आला. २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला तेव्हा पारावर दोन तट पडले. एक म्हणे, द्राक्षाला भाव मिळेल. दुसरा म्हणे, बाटली किराण्याच्या पिशवीत येईल. दोघांकडेही द्राक्षबाग होती.

जिनचा नवा अध्याय गोव्यात सुरू झाला. २०१७मध्ये 'ग्रेटर दॅन' आली, मग 'हपुसा' आणि 'स्ट्रेंजर अँड सन्स'. 'हपुसा' हे नाव संस्कृत 'हपुषा'वरून घेतलं आहे. हपुषा म्हणजे ज्युनिपर, आणि आयुर्वेदाला ती जुनीच ओळखीची. या बाटलीत हिमालयातलं ज्युनिपर असतं. हॉलंडचं औषध म्हणून जे मी वाचत होतो, ते आपल्या वैद्यांच्या फळीवरही होतं.

हे सगळं मी आईला सांगितलं. हुकूम, भांडं फोडायची गंमत, म्हाळुंग. ती भाजी निवडत ऐकत होती. म्हाळुंगाचं तिला आवडलं.

मग म्हणाली, "तुझ्या मामाला लिंबू लागत नव्हतं."

मामा गेला तेव्हा मी सातवीत होतो. घरात त्याच्याबद्दल 'लिव्हर' एवढाच शब्द वापरतात. त्यानंतर काही वर्षांनी आईच्या माहेरी बायकांनी दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान मागितलं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आजी तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही न विचारता शिक्का मारला, असं आई सांगते. आडवी बाटली जिंकली. मोहाचं फूल उचलणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा कायदा आणि आजीचा तो शिक्का, दोन्ही इतिहासात 'दारूबंदी' याच शब्दाखाली येतात. पण एक वरून आला होता, आणि दुसरा घरातून. त्यांना एका ओळीत बसवायला मी तयार नाही.

"पण तो गुत्त्यावर प्यायचा," मी म्हणालो. म्हणता म्हणताच कळलं की मी काय म्हणतोय. माझी बाटली महाग आहे, लेबल सुंदर आहे, मी लिंबाची साल कशी कापावी यावर व्हिडिओ पाहतो. लिव्हरला लेबल वाचता येत नाही.

आई काही बोलली नाही. तिने ओट्यावरचं ते औषधाचं टोपण उचललं, उजेडात धरून रेघा पाहिल्या.

"यानं मोजतोस?"

"हो. सहा वेळा, दहा-दहा. एकच ग्लास. शनिवारी."

"तो कधी मोजत नव्हता," ती म्हणाली, आणि टोपण विसळून पालथं घातलं.

मला १६९४चा हुकूम पुन्हा आठवला. त्यात नीतीचा एक शब्द नाही. फक्त माप आहे: इतकं मद्य, इतकी साखर, इतकं लिंबू, आणि भांड्यावर शिक्का. आधी मला वाटलं होतं की ही ग्राहकाची फसवणूक थांबवायची तरतूद आहे. तशी ती आहेच. पण ओट्याशी उभं राहून वाटलं, माणूस स्वतःलाही फसवतोच की.

त्या संध्याकाळी दुसरं लिंबू उरलं होतं. आईने ते कापलं, साखर आणि चिमूटभर मीठ घालून तांब्यात सरबत केलं, आणि माझ्याच डब्यातला उरलेला बर्फ त्यात टाकला. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. तिच्या हातात एक ग्लास, माझ्या हातात एक. रंग जवळपास सारखाच होता.