पाटलाचा मान आणि पाटलाची मान

मराठेशाहीच्या कागदपत्रांत पाटीलकीच्या खरेदीखतांचा एक मोठा वर्ग आहे. ही खते वाचावयास बसले म्हणजे प्रथम हसू येते. जमीन किती, सीमा कोणत्या, हे तर त्यांत असतेच. पण खरा तपशील सुरू होतो तो त्यापुढे. होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला वेशीतून पहिला बैल कोणाचा, दसऱ्याला आपट्याची पूजा कोणी करावयाची, सरकारातून आलेले पागोटे कोणी बांधावयाचे, चांभाराचा जोडा आणि तेल्याचे तेल कोणाच्या घरी प्रथम जावयाचे, याची कलमवार यादी असते. निम्मी पाटीलकी विकली असेल तर आणखी मौज. दोन्ही घरचे बैल एकदम निघावेत, एकाने उजवीकडून चालावे, दुसऱ्याने डावीकडून, आणि वडीलपणाचा विडा मात्र विकणाऱ्यानेच राखावा! पोटासाठी अर्धे वतन विकणारा गृहस्थ विड्याच्या पानासाठी मात्र हटून बसलेला दिसतो.

एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी 1819 साली जो अहवाल लिहिला, त्यात ही गोष्ट त्याच्याही नजरेतून सुटली नाही. पाटील आपल्या जमिनीला जपतो तितकाच या बारीकसारीक मानांना जपतो, असे त्याला आढळले. परकीयाला त्याचे नवल वाटावे हे साहजिक आहे. पण ज्याने हे कागद थोडे अधिक उलगडले, त्याला हसू आवरते घ्यावे लागते. कारण मानाच्या त्या यादीच्या मागे जोखमीची दुसरी यादी आहे.

पाटील हा गावाच्या वतीने सरकारशी बोलणारा माणूस. कमाविसदार आला की साऱ्याचा आकडा त्याच्याशी ठरे. सरकार कौल देई, पाटील कबुलायत लिहून देई, आणि त्या क्षणापासून साऱ्या गावाचा वसूल त्याच्या मानेवर बसे. पाऊस पडला नाही, लष्कर शेतातून गेले, कुळे परागंदा झाली, तरी चावडीत अडकवून ठेवावयाचा तो पाटलालाच. ओसाड पडलेले गाव पुन्हा वसवावयाचे तेही त्यानेच. त्यासाठी इस्ताव्याचा कौल मिळे. पहिल्या साली सारा नाममात्र, पुढे वर्षावर्षाने चढता. पण कुळांना बी आणि बैल मिळवून देणे, सावकाराकडे जामीन राहणे हे त्याच्या अंगावर. वर सांगितलेली खरेदीखते बहुधा अशाच वेळची असतात. गावचा वसूल थकला, दंड झाला, कर्ज फिटेना, म्हणून पाटीलकी विकली. ज्या पुढारीपणापायी ती गेली, त्याचा विडा तरी हाती राहावा असे त्या माणसाला वाटले असेल, तर त्याला वेडा म्हणवत नाही.

आपल्या मनात पाटलाची मूर्ती उभी राहते ती मिशीवर ताव देणाऱ्या हुकुमशहाची. नाटक-सिनेमांनी ती पक्की केली, आणि अगदी खोटीही नाही. परंतु कागद जे दाखवितात ते थोडे निराळे आहे. वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे. तिच्यात पाटील प्रमुख खरा, पण निवाडा एकट्याचा नव्हे. महजर लिहिला जाई तो कुळकर्ण्याच्या हाताने, आणि खाली पाटलाचा नांगर जसा काढलेला असे, तशी बलुतेदारांचीही आपापल्या हत्यारांची निशाणी असे. ज्याला अक्षर येत नाही त्याचेही बोलणे कागदावर उतरले आहे, अशी ती सोय होती.

शिवेच्या वादात तर शेवटचा शब्द पुष्कळदा महाराचा. शीव कोठून कोठे जाते हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेला माणूस तोच. तो देवाची शपथ घेऊन चाले आणि मागून दोन्ही गावचे पाटील चालत. हे लिहिताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्याच्या पावलांनी गावाची हद्द ठरे, त्याला त्याच गावात वेशीबाहेर राहावे लागे. गोतसभा ही लोकशाही होती असे कौतुकाने लिहिणाऱ्यांनी येथे थोडे थांबावयास हवे.

दुसरा प्रश्न याहून अवघड. पुढारीच अपराधी निघाला तर? 28 जानेवारी 1646 च्या शिवछत्रपतींच्या प्रसिद्ध पत्रात रांझे गावच्या बाबाजी गुजर पाटलाचे प्रकरण आहे. त्याने एका स्त्रीशी बदअमल केला. त्याचे हातपाय तोडण्यात आले आणि पाटीलकी काढून घेतली गेली. आपण ही कथा शिक्षेसाठी सांगतो. मला तिचा उत्तरार्ध अधिक विचार करावयास लावतो. ती पाटीलकी गेली कोणाकडे? बाबाजीच्याच गोतातील सोनजी गुजराकडे, आणि लुळ्या झालेल्या बाबाजीचा सांभाळही त्यानेच पत्करला. माणूस बदलला, घराणे राहिले. गावाला आपला पुढारी स्वतःहून काढता येत नव्हता. वरचा हात बळकट असेल तरच न्याय होई, आणि त्या बळकट हातालाही वतनाचा वारसा मोडता येत नसे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटले आहे ते उगीच नव्हे.

इंग्रजी अमदानीत या पुढाऱ्याचे कंबरडे मोडले, आणि तेही कोणी मुद्दाम मोडले नाही. इंदापूर तालुक्यात 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांची पाहणी सुरू झाली. प्रत्येक शेताचा आकार स्वतंत्र ठरू लागला, ज्याचे खाते त्याने भरावे असे झाले. गावाच्या वतीने घासाघीस करण्याचे कामच उरले नाही. तंटे कोर्टात गेले. पाटील सरकारचा अल्पवेतनी नोकर झाला. 1874 च्या वतन कायद्याने त्याचा वारसाहक्क मात्र जपला, आणि त्याच कायद्याने महाराच्या रात्रंदिवस राबण्यालाही वतन हेच नाव राहिले. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते याच दुखण्यावर बोट ठेवून. ते पार पडले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा झाला 1958 साली, आणि मुलकी पाटलाचे पद रद्द करणारा 1962 साली. आता पोलीस पाटील असतो तो 1967 च्या कायद्याने नेमलेला, वारसाने नव्हे. आणि गावाचा कारभार निवडून आलेल्या पंचायतीकडे असतो.

दोन वर्षांपूर्वी एका गावी पोळा पाहण्याचा योग आला. सरपंच एक बाई होत्या. पाण्याच्या टाकीचे काम रखडले म्हणून सकाळपासून लोक त्यांच्या दारात. संध्याकाळी वाजंत्री वाजू लागली, बैल वेशीपाशी जमले आणि सगळे थांबून राहिले. पाटलांच्या घरचा बैल यावयाचा होता. पाटील पुण्याहून मोटारीने निघाले होते, वाटेत अडकले होते. बाईंच्या घरची जोडी झुली घालून ताटकळत उभी. बऱ्याच वेळाने पाटील आले, तेव्हा त्यांच्या गोठ्यात गेल्या कैक वर्षांत बैल नाही हे मला कळले. सरपंचबाईंनी आपल्या जोडीतला एक बैल सोडून त्यांच्या हाती कासरा दिला, आणि तो पुढे झाला.