समलेखी भिन्नार्थी शब्द (मराठी–हिंदी)

दोन भाषांत लेखन सारखे, अर्थ मात्र वेगळा, असे शब्द. चिनी-जपानी ही यातली गाजलेली जोडी : 'हात' आणि 'कागद' ही चिन्हे लागोपाठ लिहिली की जपानीत 'तेगामी', म्हणजे पत्र, होते; चिनीत शौचाचा कागद. जपानीत 'लेक' या अर्थाचे चिन्ह चिनीत आईसाठी येते. तेथे उच्चार निराळे, त्यामुळे घोटाळा बहुधा वाचताना होतो. मराठी-हिंदीत लिपी एक आणि उच्चारही जवळजवळ एक, म्हणून कानही फसतो.

प्रदेश : मध्य प्रांताची, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशाची, राजधानी नागपूर होती. 1956 पूर्वीच्या मध्य प्रदेशात हिंदी व मराठी दोन्ही राजभाषा होत्या. 1 नोव्हेंबर 1956 च्या पुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला आणि नव्या राज्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला आले. कचेरीतल्या शब्दांचा विचार करायला या दुभाषी प्रदेशाहून सोयीचे ठिकाण नाही.

कायद्याचे शब्द : 'राजीनामा' हा हिंदी न्यायालयीन वापरात पक्षकारांमधली तडजोड, मराठीत पदत्याग, ज्याला हिंदी 'इस्तीफ़ा' म्हणते. मुंबई इलाख्यातील रयतवारीत जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून देई आणि घेणारा कबुलायत. पदत्यागाचा मराठी अर्थ या वाटेने रुळला असावा. 'हरकत' मूळ अरबीत हालचाल. हिंदीत ती हालचाल किंवा आगळीक राहिली, मराठीत आक्षेप झाली. हिंदीत आक्षेपाला 'आपत्ति' म्हणतात. मराठी 'आपत्ती' म्हणजे संकट. जबलपूरच्या वकिलाने 'हमें आपत्ति है' म्हटले तर नागपूरकर पक्षकाराने घाबरू नये. 'तक्रार' मराठीत फिर्याद किंवा गाऱ्हाणे, हिंदी 'तकरार' भांडण, मूळ अरबीत पुनरुक्ती. लेखन किंचित वेगळे, तरी नोंद येथेच ठेवली आहे. 'शिक्षा' मराठीत दंड, हिंदीत शिक्षण. वर्ध्याच्या 'शिक्षा मंडळ' या नावात हिंदी अर्थ आहे, हे मराठी माणसाला क्षणभर थांबूनच कळते.

तत्सम शब्द : 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. 'संसार' तिकडे जग, इकडे घरप्रपंच. 'राग' तिकडे अनुराग किंवा संगीतातला राग, इकडे त्याखेरीज संतापही. 'प्रकृती' मराठीत तब्येतही. मराठीत 'काल' म्हणजे आदला दिवस. हिंदीत तो काळ किंवा मृत्यू. मराठीला 'ळ' असल्यामुळे 'काल' आणि 'काळ' वेगळे राहिले.

योगायोगाने जुळलेले : 'आई' हिंदीत 'आली'. 'खाली' हिंदीत अरबी मूळचा 'रिकामा', मराठीत तळाकडे.

ग्वारीघाट : जबलपुरातील नर्मदेच्या उत्तर काठावरचा घाट, 'गौरीघाट' असेही लिहितात; नावाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. नर्मदा उजव्या हाताला ठेवून परिक्रमा करणाऱ्यांत मराठी माणसे बरीच असतात. येथील धर्मशाळेत 'कमरा खाली है' ऐकून जिना शोधणारा यात्रेकरू या नोंदीचा हक्काचा वाचक होय. खुद्द 'घाट' या शब्दात गफलत अर्धीच : वाईचे घाट आणि ग्वारीघाट एकाच जातीचे, पण मराठीत डोंगरातली वाटही घाट, घडणही घाट, आणि 'घाट घातला' म्हणजे बेत रचला. हिंदीत 'मौत के घाट उतारना' म्हणजे ठार मारणे.

परिभाषा : लाहोर सोडून नागपुरात आलेल्या डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवर हजारो पारिभाषिक शब्द घडवले. हे शब्द सर्व भारतीय भाषांना सामाईक असावेत, हा त्यांचा आग्रह. ते चिनी वाङ्मयाचेही अभ्यासक होते. सामाईक लेखनातून सामाईक अर्थ आपोआप येत नाही, हे त्यांना चिनी-जपानीवरून ठाऊक असणार. तरीही त्यांच्या योजनेत या अडचणीला फारशी जागा दिसत नाही.

कोशकार्य : मोल्सवर्थ (1831, दुसरी आवृत्ती 1857) व दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' मराठी अर्थांसाठी, 'हिंदी शब्दसागर' हिंदीसाठी.

बोलीतील शब्द : पाहा – वऱ्हाडी, बुंदेली.