सल्ला कुणी द्यायचा आणि पैसे कुणी? इंग्लंडमधल्या करिअर मार्गदर्शनाची शंभर वर्षं



दहावीनंतर मी सायन्स घेतलं ते शेजारच्या काकांमुळे. निकालाच्या दिवशी ते पेढे घ्यायला आले, टक्के विचारले आणि म्हणाले, "मग सायन्सच!" झाला निर्णय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं असंच झालं असणार. पुढे एमएस्सी झाल्यावर पीएचडीसाठी विषय शोधताना मला हाच प्रश्न छळायला लागला. मुलांना अभ्यासाबद्दल, नोकरीबद्दल नीट सल्ला मिळावा ही जबाबदारी कुणाची? सरकारची असेल, तर सरकारने ती कशी पेलली?

आज इंग्लंडचं उदाहरण घेऊ, कारण तिथे या कामाचा कायदेशीर इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. वाचताना प्रत्येक टप्प्यावर तीन प्रश्न सोबत ठेवा. कायदा "करता येईल" म्हणतो की "केलंच पाहिजे" म्हणतो? काम कुणाच्या गळ्यात पडतं? आणि पैसे कुठून येतात?

सुरुवात एका भूगर्भशास्त्रज्ञ बाईंपासून

आपल्यासारख्या विज्ञानवाल्यांना आवडेल अशी गोष्ट आहे ही. मारिया ओगिल्वी गॉर्डन या स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञ. आल्प्समधल्या डोलोमाइट पर्वतांवर त्यांनी काम केलं आणि १८९३ मध्ये लंडन विद्यापीठाची डीएस्सी मिळवली. शाळा सोडणारी मुलं मिळेल त्या कामाला लागतात आणि काही वर्षांनी तिथेच अडकतात, हे त्यांना खटकत होतं. अशा मुलांना माहिती आणि सल्ला देणारी केंद्रं शिक्षण खात्याच्या अखत्यारीत असावीत, असा आग्रह त्यांनी धरला. १९०८ मध्ये मुलामुलींसाठी निरनिराळ्या व्यवसायांची माहिती देणारं पुस्तकही काढलं.

१९०९ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये सरकारी रोजगार केंद्रं आली. लगेच १९१० मध्ये दुसरा कायदा झाला. त्यानुसार स्थानिक शिक्षण मंडळांना १७ वर्षांखालच्या मुलांना कामधंद्याबद्दल सल्ला देता येऊ लागला. शब्द नीट बघा, "देता येऊ लागला". सक्ती नव्हती. ज्या गावाला वाटलं त्याने केलं. शिवाय एकाच कामावर दोन खात्यांचा हात पडला. रोजगार केंद्रं व्यापार खात्याची, सल्ला शिक्षणवाल्यांचा.

"करता येईल" पासून "केलंच पाहिजे" पर्यंत

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या कायद्याने युवक रोजगार सेवा उभी राहिली. तरीही शिक्षण मंडळांना पर्याय होताच. ज्यांनी हे काम घेतलं नाही, तिथे श्रम मंत्रालय ते करायचं.

खरा बदल १९७३ च्या कायद्याने झाला. १९७४ पासून प्रत्येक स्थानिक शिक्षण मंडळाने करिअर सेवा चालवणं बंधनकारक झालं. आपल्या तीन प्रश्नांची उत्तरं इथे पहिल्यांदा जुळतात. सक्ती आहे, जबाबदार यंत्रणा एकच आहे आणि खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो आहे.

ही घडी वीसेक वर्षं टिकली. १९९३ च्या कायद्याने काम शिक्षण मंडळांकडून काढून केंद्रीय मंत्र्यांकडे दिलं आणि मंत्र्यांनी ते कंत्राटाने करिअर कंपन्यांना दिलं. पैसे अजून सरकारचेच होते.

२००१ मध्ये "कनेक्शन्स" ही नवी सेवा आली. १३ ते १९ वयाच्या मुलांसाठी एकाच छताखाली सगळं: करिअर, घरचे प्रश्न, व्यसन, राहण्याची अडचण. शिक्षण, काम, प्रशिक्षण यांपैकी कशातच नसलेल्या मुलांवर तिचा विशेष भर होता. हेतू चांगला. पण सल्लागार अडचणीतल्या मुलांमागे धावू लागले, तेव्हा "अकरावीला काय घेऊ?" असं विचारणारं साधं मूल मागे पडतं, अशी टीका झाली. २००८ मध्ये कनेक्शन्सचा निधी स्थानिक संस्थांना मिळणाऱ्या सर्वसाधारण अनुदानात मिसळला. म्हणजे तो याच कामावर खर्च करण्याचं बंधन उरलं नाही. ही बारीकशी तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. पुढची घसरण इथून सोपी झाली.

जबाबदारी आली, पाकीट रिकामं

२०१० मध्ये सरकार बदललं आणि खर्चकपात सुरू झाली. स्थानिक संस्थांच्या अनुदानाला कात्री लागली. कनेक्शन्सचा पैसा त्यातच होता, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी सल्लागारांची पदं गेली आणि केंद्रं बंद झाली. मग आला २०११ चा शिक्षण कायदा. सप्टेंबर २०१२ पासून विद्यार्थ्यांना स्वतंत्र आणि निःपक्षपाती मार्गदर्शन मिळवून देणं हे शाळांचं कर्तव्य ठरलं. सरकारचा युक्तिवाद असा होता, की आपल्या मुलांची गरज शाळेला जास्त कळते, मग निर्णय तिनेच घ्यावा.

मुद्दा अगदीच चूक नाही. पण कनेक्शन्सचा निधी शाळांकडे वळवला गेला नाही. समोरासमोर बसून सल्ला देण्याचं बंधनही सगळ्या मुलांसाठी नव्हतं. २०१२ मध्येच सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवेत प्रत्यक्ष भेट प्रौढांसाठी होती, मुलांच्या वाट्याला फोन आणि वेबसाइट आली. त्यात आणखी एक गुंता. ज्या शाळेत १६ वर्षांनंतरचे वर्ग आहेत, तिला विद्यार्थीसंख्येवर अनुदान मिळतं. मग ती मुलाला "तू शेजारच्या कॉलेजात जाऊन कौशल्याचा कोर्स कर" असं मोकळेपणाने सांगेल का?

परिणाम लवकर दिसले. जानेवारी २०१३ मध्ये संसदेच्या शिक्षण समितीने दर्जा घसरल्याची चिंता नोंदवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडने ६० शाळा पाहून अहवाल दिला. सर्व विद्यार्थ्यांना पुरेशी माहिती देणाऱ्या शाळा त्यात फक्त १२ निघाल्या.

पुढे २०१४ मध्ये गॅट्सबी या धर्मादाय संस्थेसाठी सर जॉन होल्मन यांनी चांगल्या मार्गदर्शनाचे आठ निकष मांडले. हे गृहस्थ रसायनशास्त्राचे! एक निकष असा, की प्रत्येक मुलाला १६ वर्षांपर्यंत एकदा आणि १८ पर्यंत आणखी एकदा प्रशिक्षित सल्लागाराशी बोलायला मिळावं. डिसेंबर २०१७ च्या धोरणात सरकारने हे निकष स्वीकारले. म्हणजे १९७४ मध्ये जी सेवा कायद्याने उभी होती, तिच्यातलं काय हवं होतं हे चाळीस वर्षांनी पुन्हा लिहून काढावं लागलं.

संशोधक म्हणून इथून काय घ्यायचं?

पहिलं, नुसता कायदा वाचून थांबू नका. १९७३ आणि २०११, दोन्ही कायद्यांत कर्तव्य आहे. फक्त कायदे वाचले तर वाटेल, काहीच बिघडलं नाही. अर्थसंकल्प शेजारी ठेवला की चित्र पालटतं.

दुसरं, कारण ठरवायची घाई नको. इंग्लंडमध्ये पैसे कमी होणं आणि जबाबदारी शाळांकडे जाणं जवळपास एकाच वेळी घडलं. मग घसरण कशामुळे झाली? इथे तुलना कामाला येते. वेल्समध्येही निधी कापला गेला, पण राष्ट्रीय सेवा टिकली. स्कॉटलंडनेही आपली राष्ट्रीय यंत्रणा ठेवली. प्रयोगशाळेतला कंट्रोल ग्रुप मिळत नाही, पण त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी मिळतं.

तिसरं, आपल्याकडे बघा. भारतातली रोजगार सेवा १९४५ मध्ये सुरू झाली, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावं म्हणून. शिवराव समितीच्या शिफारशींनंतर १ नोव्हेंबर १९५६ ला रोजचा कारभार राज्यांकडे गेला आणि खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राने उचलला. १ एप्रिल १९६९ पासून तो वाटा थांबला, सगळा भार राज्यांवर आला. ओळखीचं वाटतंय ना?

महाराष्ट्रात या कार्यालयांच्या आजच्या लांबलचक नावात "कौशल्य विकास", "रोजगार", "उद्योजकता" आणि शेवटी "मार्गदर्शन केंद्र" असं सगळं आहे. तुमच्या जिल्ह्यातल्या केंद्रात एकदा जाऊन या. समुपदेशकाची मंजूर पदं किती, भरलेली किती, वर्षाचा खर्च किती, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर हाती आलं, की तेच आपले तीन प्रश्न त्याला लावा.

कदाचित तुमचा प्रबंधाचा विषय तिथेच सापडेल. आणि पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलीला शेजारच्या काकांखेरीज आणखी कुणाला तरी विचारता येईल.